पाळण्याच्या दांडीपासून लाकडी वाटीपर्यंत

हुबळीहून कारवारच्या रस्त्याला लागलं की तासाभरात कलघटगी येतं. धारवाड जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव पाळण्यांसाठी ओळखलं जातं. सागवानी लाकूड, त्यावर लाखेचे रंग, फळ्यांवर बाळकृष्णाचे नाहीतर रामायणातले प्रसंग. नातवाच्या बारशाला आजीच्या वेळचाच पाळणा माळ्यावरून उतरवायचा, अशी घरं या भागात आजही आहेत. नोव्हेंबर 2018 मध्ये अभिनेते अंबरीश गेले. त्याआधी त्यांनी अभिनेते यश यांच्या बाळासाठी कलघटगीचाच पाळणा सांगून ठेवला होता, ही बातमी तेव्हा कर्नाटकात घरोघरी वाचली गेली.

पाळणा बघायला आलेला माणूस चित्रं बघतो. मी मात्र गेली काही वर्षं त्याच्या दांड्या बघतो. मणी, खोबण, लहानसा घट, पुन्हा मणी. फिरत्या लाकडावर पटाशी धरून काढलेले हे आकार. लाकूड असं फिरवून घडवण्याला मराठीत कातणं म्हणतात, ते करणारा कातारी आणि झालेलं काम कातीव. सूत कातणं आणि लाकूड कातणं, दोन्हींना आपल्याकडे शब्द एकच.

अलीकडे हुबळी-धारवाडमध्ये हौस म्हणून लाकूड कातावं असं वाटणारी माणसं भेटू लागली आहेत. कोणी बँकेतून निवृत्त झालेलं, कोणी कारखान्यात नोकरी करणारं, एखादी वास्तुशास्त्र शिकलेली मुलगी. या सगळ्यांना पाळण्याची दांडी करायची नसते. त्यांना वाटी करायची असते. मोबाइलवर कुणा इंग्रज किंवा अमेरिकन माणसाच्या हाताखाली ओल्या लाकडाची लांबच लांब वेटोळी उडताना त्यांनी पाहिलेली असतात. मग ते विचारतात की हे आपल्या गावात जमेल का. या प्रश्नाचा सरळ हिशेब मांडावा म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट मान्य करायला हवी. आपल्या कातकामाची परंपरा मोठी आहे, पण ती वाटीची नाही. दांडीत लाकडाचे तंतू लेथच्या आसाबरोबर, लांबीच्या दिशेने धावतात. पटाशी सगळीकडे सारखी लागते. वाटीचं तसं नाही. वाटीसाठी ओंडका उभा चिरून त्यातून जाड फळी काढतात, ती गोल कापतात आणि आडवी चढवतात. मग एका फेऱ्यात पटाशीपुढे दोनदा तंतूंची कड येते आणि दोनदा त्यांची टोकं. कडेवर जी धार लोण्यासारखी जाते तीच टोकांवर उसकटे काढते. त्यासाठी लांब दांड्याची, खोल पन्हळीची गोल पटाशी लागते आणि ती वेगळ्या कोनात धरावी लागते. दांड्यांवर हात बसलेला चांगला कातारीसुद्धा पहिल्या वाटीला अडखळतो, हे मी पाहिलं आहे. कसबात तो कमी नसतो, काम वेगळं असतं.

आपल्याकडे लाकडी वाटी का रुजली नाही? माझ्या मते कारण धातू. तांबं-पितळ घासून, कल्हई करून वर्षानुवर्षं चालतं, आणि सोवळ्याओवळ्याच्या घरात तेच सोयीचं. मनुस्मृतीत लाकडाच्या भांड्याची शुद्धी तासून करावी असं सांगितलं आहे. रोज तासायचं म्हटलं तर वाटी किती दिवस पुरणार? यज्ञातल्या पळ्या लाकडाच्या राहिल्या, जेवणातली वाटी धातूची झाली. अपवाद भाकरीच्या काथवटीचा. पण काथवट वाकसाने कोरून काढायची, जाड आणि जड. लेथवरचं पातळ, हलकं भांडं आपल्या स्वयंपाकघरात फारसं आलंच नाही. लेथवरून घरात आलं ते लाटणं, हळदीकुंकवाचा करंडा, भोवरा, खुळखुळा आणि मुलींची भातुकली.

या वस्तूंची मोठी केंद्रं आपल्या भोवतीच आहेत. सावंतवाडीची चितार आळी तिच्या खेळण्यांमुळे आणि रंगीत लाकडी फळांमुळे महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते आणि लाखकाम दोन्ही बुडायला आले असताना 1970च्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच काम सुरू करून ते सावरलं. गोव्यात कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचं लाखेचं काम आहे. आणि बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरचं चन्नपट्टण तर भौगोलिक मानांकन मिळालेलं, देशभर ठाऊक असलेलं गाव. तिथे वापरतात ते आलेमर म्हणजे आपला काळा कुडा. पांढुरकं, बारीक पोताचं लाकूड, कातायला उत्तम. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चिकटते, मग केवड्याचं पान दाबून चकाकी आणतात. ब्रश नाही, वाळवणं नाही. लेथवरून उतरली की वस्तू तयार. गोकाक आणि किन्नाळची खेळणीही आपल्या शेजारचीच, पण ती कोरीव, लेथशी त्यांचा संबंध नाही.

आणखी एक वस्तू आहे. तिच्याकडे हौशी लोकांचं लक्ष जात नाही याचं मला वाईट वाटतं. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू या गायकांच्या गावांत तबला नाही असं संगीताचं घर सापडणार नाही. उजव्या तबल्याचं लाकडी खोड म्हणजे काय? शिसवाचा किंवा बिबळ्याचा ओंडका बाहेरून कातलेला आणि वरच्या तोंडाने आतून पोकळ केलेला. यात तंतू उभे असतात, म्हणजे तळ खोदताना धारेपुढे सतत तंतूंची टोकंच येतात. वाटीपेक्षाही हे अवघड. जुन्या तबल्याची पुडी उतरवली असेल तेव्हा आत बोट फिरवून पाहावं. पटाशीचे वळसे बोटाला लागतात, बाहेर आरशासारखी झिलई आणि आत गोल गोल नांगरट. आतून गुळगुळीत करण्याची गरज नव्हती म्हणून कातारी तिथेच थांबला. पोकळ लाकूड कातण्याचं ज्ञान आपल्याकडे होतं, ते ताटाजवळ न येता मैफलीत गेलं.

आता लोखंडाकडे वळू, कारण या जोडशहराचं खरं बळ तिथे आहे. सदर्न मराठा रेल्वेने 1880च्या दशकात हुबळीत कार्यशाळा काढली आणि तेव्हापासून या गावात टर्नर नावाची जमात आहे. गोकुळ रोडच्या शेडमध्ये आजही चकात जॉब धरून तासन्‌तास उभी राहणारी माणसं आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू केली आणि तिथले लेथ देशभर गेले. हरिहर इथून बेंगळुरूच्या हमरस्त्यावरच. त्या कारखान्याची जुनी यंत्रं अजून या भागातल्या वर्कशॉपमध्ये फिरताना दिसतात.

त्यामुळे लेथ ही अडचण नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. बाजारात आयात केलेले मिनी लेथ मिळतात, अर्धा ते एक अश्वशक्तीचे, घरच्या विजेवर चालणारे. त्यांवर दहा-बारा इंचांपर्यंतची वाटी होते. पण आधी गावातल्या फॅब्रिकेटरकडे जावं. टेबलाचे पाय कातणाऱ्या सुतारांसाठी ते पट्टा आणि पुल्यांचे साधे लेथ बांधून देतात. त्याला जड पाया, जाड दांडा आणि वेग कमी करायची सोय एवढं मागून घ्यायचं. महागडा चकही सुरुवातीला नको. फेसप्लेटवर फालतू लाकडाचा ठोकळा स्क्रूने बसवा, त्याला फेव्हिकॉलने वाटीचं लाकूड चिकटवा आणि दोन्हींच्या मध्ये एक जाड कागद घाला. काम झालं की कागदाच्या जागी पटाशी ठेवून हलकेच ठोकलं की वाटी सुटून येते. खर्च जवळजवळ नाही. एक मात्र करू नका. लोखंडाच्या लेथचा चार जबड्यांचा चक, ज्याचे जबडे बाहेर डोकावतात, त्यावर वाटी चढवून हाताने पटाशी धरू नका. बोटं जातात.

वेगाचा ठोकताळा साधा आहे. व्यास इंचांत घ्या, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, उत्तर 6,000 ते 9,000च्या दरम्यान यावं. दहा इंची वाटीला 600 ते 900 फेरे. ओबडधोबड ओंडका असेल तर त्याहून कमी. 800 फेऱ्यांना दहा इंची वाटीचा काठ ताशी 38 किलोमीटरने पळत असतो, हे ध्यानात असलं की माणूस आपोआप जपून उभा राहतो.

खरा प्रश्न लाकडाचा. आणि इथे हुबळी-धारवाडसारखी जागा विरळा. पश्चिमेला अळणावर, हल्याळ, दांडेलीचं जंगल, पूर्वेला नवलगुंदकडे काळी जमीन. एका बाजूला साग, शिसव, ऐन, हेदू, दुसऱ्या बाजूला बाभूळ, चिंच, कडुनिंब, आणि मध्ये धारवाडच्या आमराया. नवखा माणूस सरळ सागाकडे जातो. मी त्याला परावृत्त करीन. साग महाग, त्यात सिलिकेचे कण असल्याने धार लवकर मरते, आणि सुकी जाड फळी मिळवायला मारामार. शिसव तर आणखी नाजूक बाब. 2017 पासून शिसवाच्या प्रजातीतली जवळपास सगळी झाडं साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि कर्नाटकात जंगली लाकडाची ने-आण नियमांनी बांधलेली आहे. साग, शिसव, श्रीगंध यांचा तुकडाही पावतीशिवाय घरी आणू नये.

हौशी माणसाने झाड बघावं ते आपल्या गल्लीतलं. वादळात पडलेला आंबा, घर बांधताना काढलेला फणस, महापालिकेने छाटलेल्या शिरीषाच्या फांद्या, वाळलेला चिकू. जुळ्या शहरांना जोडणाऱ्या सुमारे 22 किलोमीटरच्या बीआरटीएस रस्त्यासाठी कितीतरी मोठी झाडं गेली. त्यातलं किती लाकूड जळणात गेलं असेल या विचाराने मला अजून चुटपुट लागते. आंब्याच्या जळाऊ ओंडक्यात कधी कधी बुरशीने काढलेल्या काळ्या रेषा असतात, नकाशातल्या नद्यांसारख्या. त्या सागात सहसा मिळत नाहीत. फणस ताजा असताना हळदीसारखा पिवळा, वर्षभराने काकवीच्या रंगाचा होतो. शिवण हलकी, वाकत नाही, शिकायला सगळ्यात सोयीची. बाभूळ आणि चिंच मात्र हात बसल्यावर.

हे सगळं लाकूड ओलं असतं, आणि इथे आपण परदेशातल्या कातारींकडून शिकायला हवं. इंग्लंडात बर्कशायरमधल्या बकलबरी गावी जॉर्ज लेली नावाचा कातारी होता. पायाने चालवायचा लेथ, वर लवचीक खांब, त्याला दोरी. एल्मच्या एकाच ठोकळ्यातून तो एकात एक बसणाऱ्या वाट्या काढायचा. तो 1958 मध्ये गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ते काम थांबलं. त्याचा लेथ रेडिंगच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात ठेवला आहे. पुढे रॉबिन वूड यांनी तो लेथ अभ्यासून ती पद्धत पुन्हा हातात आणली. दरम्यान इंग्लंड-अमेरिकेत विजेच्या लेथवरची हौस वाढत गेली, अमेरिकेतल्या कातारींची संघटना 1986 मध्ये स्थापन झाली, आणि ओलं लाकूड दोन टप्प्यांत कातण्याची रीत हौशी लोकांत पक्की झाली.

ती रीत अशी. ओल्या लाकडाची वाटी एकदम पातळ करायची नाही. व्यासाच्या एक दशांश जाडी ठेवून ओबडधोबड कातायची, म्हणजे दहा इंचांना एक इंच. मग तिला मेण लावून किंवा तिच्याच ढलप्यांत, कागदी पिशवीत घालून महिनोन्‌महिने सावलीत ठेवायची. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वार्षिक वलयांच्या दिशेने ते आकसतं त्याच्या साधारण निम्मंच वलयांना छेदणाऱ्या दिशेने, आणि लांबीत जवळपास नाहीच. म्हणून गोल वाटी लंबगोल होते. वाळून स्थिर झाली की पुन्हा लेथवर चढवून गोल करायची आणि पातळही. जाडी ठेवलेली असते ती याच दुसऱ्या फेरीसाठी.

माझी पहिली वाटी मी एप्रिलमध्ये केली, आंब्याची. संध्याकाळी काम संपलं तेव्हा ती इतकी पातळ झाली होती की दिव्यासमोर धरल्यावर काठातून उजेड दिसत होता. आनंदाने कपाटावर ठेवली. रात्री टक् असा आवाज आला. सकाळी काठापासून तळापर्यंत भेग, बोट आत जाईल एवढी. दोन चुका एकदम झाल्या होत्या. ओंडक्याचा गाभा, तो पेन्सिलीएवढा मऊ मधला भाग, मी तळात राहू दिला होता, आणि गाभा आला की भेग आलीच. शिवाय धारवाडच्या एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात ओली वाटी उघडी ठेवली होती. आता मी पहिलं कातकाम जून ते सप्टेंबरमध्ये करतो. हवेतला दमटपणा लाकडाला हळूहळू वाळू देतो. दुसरी फेरी उन्हाळ्यात. वेळापत्रक पावसाने ठरवायचं, ही आपल्या हवेची देणगी आहे. पुस्तकांत लिहिलेली थंड देशातली वेळापत्रकं इथे लागू पडत नाहीत. आंब्याला पावसाळ्यात भुंगेरा लागून पिठी पडते, तेव्हा साल काढून टाकायची आणि ओलं लाकूड जमिनीवर ठेवायचं नाही, एवढं पथ्य पाळावं.

रंगरोगणाबद्दल थोडं. लाख ही आपली वस्तू, आणि तिचा मोह होणारच. करंड्याला, पेनाच्या डबीला, फुटाण्यांच्या वाटीला ती सुंदर. पण लाख उष्णतेने मऊ पडते, गरम आमटी घातली की चकाकी जाते. जेवणाच्या वाटीला तेल बरं, आणि तेही सुकणारं. खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, ते खवट होतं. जवसाचं सुकतं. जवसाची चटणी या भागात रोजच्या ताटातली आहे, त्यामुळे घाण्यावरचं खायचं जवस तेल शोधायला फार फिरावं लागत नाही. पातळ हात द्यायचा, तासाभराने पुसून घ्यायचा, दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा. रंगाच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड घेऊ नये, त्यात तेल लवकर सुकावं म्हणून धातूची संयुगं घातलेली असतात. आणि जवस तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कधीही टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

धुळीचं भय मी सगळ्यात गंभीर मानतो. लाकडाच्या भुकटीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच निश्चित कर्करोगकारक ठरवलं आहे. आपल्या सॉ मिलमध्ये तोंडाला रुमाल बांधणारेही थोडेच. ओलं लाकूड धारदार पटाशीने कातलं तर ढलप्या पडतात, धूळ नाही. धूळ होते ती सँडपेपर मारताना. तेव्हा चांगला मास्क हवाच. चेहऱ्यावर पूर्ण काच, हातात मोजे नाहीत, सैल बाह्या, ओढणी, मंगळसूत्र, मोकळे केस काहीही लेथजवळ नाही. आणि दांड्या कातायची रुंद रफिंग पटाशी वाटीला लावू नका. तिचं मुठीतलं शेपूट बारीक असतं, ते मोडतं.

आता जे नाही त्याबद्दल. शिकवणारा नाही. आयटीआयमध्ये टर्नर हा अभ्यासक्रम आहे, पण तो धातूचा. लाकडाचं शास्त्र बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत, वनशास्त्राचं महाविद्यालय धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं असलं तरी शिरसीला. कलघटगीचा कारागीर आपल्या कामात, गोकुळ रोडचा टर्नर आपल्या, तबलेवाला आपल्या. ही तीन माणसं एका शेडमध्ये कधी भेटत नाहीत. हौशी माणसाचं खरं काम, माझ्या मते, त्यांच्या मध्ये उभं राहण्याचं आहे. त्याला पोट भरायचं नसतं, त्याच्याकडे वेळ असतो, आणि तो तिघांनाही प्रश्न विचारू शकतो. टर्नरकडून धार लावायला शिकावं, कारण पटाशीची धार हेच निम्मं कातकाम. पाळणेवाल्याकडून लाख. तबल्याच्या खोडाकडून पोकळी. वाटी मात्र नवीनच करावी लागेल. तिला परंपरेचा खोटा दाखला देऊ नये. सावंतवाडीच्या किंवा कलघटगीच्या नावाने लेथवरच्या हौशी वाट्या विकणं तर मुळीच नको, ते त्या कारागिरांच्या पोटावर येतं.

विकण्याचा विचारच पहिली दोन वर्षं बाजूला ठेवावा असं मी म्हणेन. पहिल्या वीस वाट्यांतल्या पंधरा फुटतात, वाकतात किंवा तळ निसटून चुलीत जातात. उरलेल्या पाचांपैकी एकात घरी संध्याकाळचं गिरमिट खाल्लं, चुरमुऱ्यांचा कुरकुर आवाज लाकडात कसा मऊ होतो ते ऐकलं, की माणूस पुन्हा लेथकडे जातो.

या पावसाळ्यात तुमच्या गल्लीत आंब्याची किंवा फणसाची जाड फांदी मोडून पडली, तर मालकाला विचारून तिचा हातभर तुकडा मागून घ्या. लेथ अजून आलेला नसला तरी चालेल. गाभ्यातून उभा चिरून दोन फाका करा, सहज दिसेल तेवढा गाभा काढून टाका, आणि चारही टोकांना मेणबत्तीचं वितळलेलं मेण फासा. हे सगळं त्याच दिवशी करा, रात्र उलटायच्या आत.